लेकीचं पहिलं हरीण

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात हरणांच्या बंदुकीने शिकारीचा ऑक्टोबरातला एक शनिवार-रविवार मुलांसाठी राखलेला असतो. वय सोळाच्या आत हवं आणि सोबत जाणतं माणूस हवं, एवढ्या त्याच्या मुख्य अटी. मोठ्यांचा बंदुकीचा हंगाम नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. तेव्हा गावंच्या गावं नारिंगी जाकिटं घालून रानात उतरतात. मुलांच्या वाट्याला मात्र गर्दी नसलेलं, पानं रंगलेलं आणि थंडी सोसेल असं रान येतं. यंदा त्या दोन दिवसांत माझ्या अकरा वर्षांच्या लेकीने तिचं पहिलं हरीण मारलं. मी तिच्या शेजारी बसले होते.

हे वाचून तिकडे भारतात काही जणांना धक्का बसेल. आपण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वाढलेली माणसं. शिकार म्हटलं की संस्थानिकांचे जुने फोटो आठवतात, नाहीतर पेपरातली अटकेची बातमी. तो कायदा आपल्याकडे हवाच होता आणि आजही हवा आहे. म्हणूनच इथे काय चालतं आणि मी लेकीला त्यात का नेलं, हे नीट सांगावंसं वाटतं.

आम्ही राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात राहतो. हिमयुगात आजूबाजूचा सगळा प्रदेश बर्फाने रगडून सपाट केला, हा भाग तेवढा सुटला. त्यामुळे इथे अजून टेकड्या, घळी आणि अरुंद दऱ्या आहेत. माथ्यावर ओकची झाडं, खाली मका आणि सोयाबीन. पांढऱ्या शेपटीच्या हरणाला याहून चांगली जागा नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बेसुमार शिकारीमुळे हे हरीण राज्याच्या या दक्षिण भागातून जवळजवळ संपलं होतं. पुढे हंगाम ठरले, परवाने आले, वनरक्षक नेमले गेले. १९३७ मध्ये देशाने बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राज्यांना देण्याचा कायदा केला, तो अजून चालू आहे. आज राज्यात १५ लाखांहून अधिक हरणं आहेत. त्यांना खाणारे लांडगे मात्र या भागातून केव्हाच मारून संपवले गेले. आता हरणांची संख्या आवरायला माणूस, नाहीतर रस्त्यावरच्या गाड्या.

माझ्या वडिलांना, म्हणजे लेकीच्या आबांना, यातलं काही समजावून सांगावं लागलं नाही. यवतमाळकडे आमचं शेत आहे. रोही, म्हणजे नीलगायी, आणि रानडुकरांपायी आबांनी कितीतरी हिवाळे तुरीत जागल केली आहे, माळ्यावर घोंगडी पांघरून डबा वाजवत. हरणं सोयाबीनचा कोवळा शेंडा खातात एवढं ऐकल्यावर त्यांनी फोनवर लगेच विचारलं, "मंग तिकडं भरपाई भेटते का?"

माझी खरी भीती बंदुकीची होती आणि ती अजून आहे. लेक ज्या देशात शाळेत जाते, तिथे शाळेत कुणी बंदूक घेऊन शिरलं तर म्हणून वर्गाचं दार लावून, दिवे मालवून भिंतीशी गप्प बसायचा सराव मुलांकडून करून घेतात. तो सराव करून आलेली मुलगी जेवताना त्याबद्दल सहज बोलते, तेव्हा माझा घास घशाखाली उतरत नाही. बंदूक सगळीकडे आहेच, तर ती किती जड वस्तू आहे हे लेकीने काळजी घेणाऱ्या माणसांकडून शिकावं, असं मला वाटलं. १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला इथे शिकारीचा परवाना हवा असेल तर सुरक्षेचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. बाराच्या आतल्या मुलाला त्यात सूट आहे, पण परवाना असलेला मोठा माणूस हात पुरेल इतक्या अंतरावर सतत हवा. आम्ही दोघींनीही अभ्यासक्रम केला. शिकवणारे सगळे स्वयंसेवक होते, निवृत्त शिक्षक, दूधवाले शेतकरी, एक परिचारिका.

तिथे 'टॅब-के' पाठ करून घेतात. चार इंग्रजी अक्षरं, चार नियम. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असंच समजा. नळीचं तोंड कायम सुरक्षित दिशेला ठेवा. समोर काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे, याची खात्री करा. नेम धरेपर्यंत बोट चापापासून दूर ठेवा. पोरगी आठवडाभर घरात झाडू उचलतानाही त्याचा दांडा जमिनीकडे धरत होती.

शनिवारी पहाटे आम्ही ज्यांच्या शेतावर बसलो, ते सत्तरी ओलांडलेले शेतकरी आहेत. बंदूक त्यांची, कापडी आडोसाही त्यांनीच उभारलेला. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून नेम धरायची मुभा असते. उजाडता उजाडता एक मोठी हरणी माथ्यावर आली आणि आडवी उभी राहिली. अंतर बेताचं, वारा आमच्याकडे. लेकीने दुर्बिणीतून पाहिलं, बंदूक तिकाटण्यावर टेकवली आणि तशीच थांबली. मग बोट बाहेर काढून कुजबुजली, "आई, तिच्या मागे नुसतं आकाश आहे." गोळी चुकली असती तर माथ्यापलीकडे कुठे गेली असती, सांगता येत नव्हतं. पलीकडच्या उतारावर एक घर आहे. हरणीने पुढचा खूर आपटला, शेपूट उभारली आणि ती गेली. मला वाटतं, त्या दोन दिवसांत लेकीच्या हातून घडलेली सर्वांत मोठी गोष्ट हीच. ते शेतकरी आजोबा दुपारी भेटले, तेव्हा त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि टोपी काढून तिच्याशी हात मिळवला.

रविवारी संध्याकाळी आम्ही खालच्या अंगाला, ओकच्या झाडांशी बसलो. पांढऱ्या ओकची फळं कमी कडू असतात, हरणं ती वेचायला येतात. उन्हं कलल्यावर दोन हरण्या आल्या. मागे टेकडीची मातीची कड होती. लेकीने ते मला दाखवलं, मी मान हलवली. पुढच्या पायाच्या किंचित मागे, जिथे काळीज आणि फुप्फुसं असतात, तिथे तिने नेम धरला आणि श्वास सोडता सोडता चाप ओढला.

हरणी उसळली आणि झाडीत शिरली. लगेच मागे धावायचं नसतं. जखमी जनावर पिटाळलं तर ते लांब जाऊन हाल होऊन मरतं. अर्धा तास थांबायचं. त्या अर्ध्या तासात लेक थरथरत होती. तिने विचारलं, "तिला दुखलं असेल का गं?" मी म्हटलं, "हो बाळा. कमीत कमी दुखावं म्हणून तर उन्हाळाभर नेमाचा सराव केलास." ती रडली. मी तिला रडू दिलं. मग तिने दुसरा प्रश्न विचारला, तो तिकडच्या वाचकांच्याही मनात आला असेल: मादीच का? तिची पाडसं? पाडसं मे-जूनमध्ये जन्मतात आणि ऑक्टोबरपर्यंत त्यांचं दूध सुटून ती चरायला लागलेली असतात. संख्या आवरायची तर माद्याच कमी कराव्या लागतात, नर मारून कळप घटत नाही. हे तिने वर्गात ऐकलं होतं, पण त्या वेळी तिला ते माझ्या तोंडून पुन्हा ऐकायचं होतं.

माग तिनेच काढला. पानांवर फिकट, फेसाळ रक्त होतं, म्हणजे गोळी फुप्फुसांत लागली होती. सत्तरेक पावलांवर हरणी पडलेली होती, डोळे उघडे. लेक तिच्या मानेवर हात ठेवून बराच वेळ बसली आणि मराठीत काहीतरी बोलली. काय ते मी विचारलं नाही. नंतर शेतकरी आजोबांनी पोट कसं फाडायचं, मूत्राशय न फोडता आतडी कशी बाहेर काढायची, ते दाखवलं. बाह्या सरसावून लेकीने मदत केली. मटणाच्या दुकानात पाठ फिरवून उभी राहणारी ही मुलगी काळीज हातात घेऊन त्याचे कप्पे पाहत होती.

नोंदणी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत करावी लागते, ती आम्ही त्याच रात्री ऑनलाइन केली. आमच्या भागात एक काम आणखी असतं. हरणांच्या मेंदूला पोखरणारा सीडब्ल्यूडी नावाचा रोग २००२ मध्ये या राज्यात पहिल्यांदा आढळला, तो इथेच. माणसाला तो झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, तरी रोगी हरीण खाऊ नये असा आरोग्य खात्याचा सल्ला आहे. म्हणून मानेच्या थोड्या भागासकट डोकं पिशवीत घालून, चिठ्ठी लावून तपासणीच्या पेटीत ठेवायचं. तपासणी फुकट असते. निकाल येईपर्यंत मांस गोठवून ठेवतात. निकाल यायचा होता त्या काळात लेक रोज शाळेतून आल्याबरोबर माझा ईमेल उघडायला लावायची.

रोग नव्हता. निकालानंतरच्या रविवारी मी रस्सा केला. सुकं खोबरं आणि कांदा काळपट भाजून, खसखस, धणे, दगडफूल घालून, आई करायची तसा. हरणाच्या मांसात चरबी जवळजवळ नसते, म्हणून तेल सढळ सोडावं लागतं आणि आच मंद ठेवावी लागते. पाठीच्या मांसाचे तुकडे नुसत्या हळद-मिठात परतले, ते सर्वांत आधी संपले. शेतकरी आजोबांना एक फरा आधीच पोचवला होता, रस्साही डब्यातून गेला. आबांनी व्हिडिओवर ताट पाहिलं आणि विचारलं, "किती दुरून मारलं वं पोरी?" मग दोघं अंतर, वारा आणि रोह्याच्या उड्या यावर इतका वेळ बोलत राहिले की माझा रस्सा दोनदा गरम करावा लागला. दुसरा फरा फ्रीझरमध्ये आहे. दिवाळीचा फराळ आटोपला की इथल्या खाणाऱ्या मराठी मंडळींना जेवायला बोलवायचं ठरलंय, आणि वाढायचं काम लेकीने स्वतःकडे घेतलंय.