चोर सोडून स्पर गिअरला फाशी

रिमोटवर पळणाऱ्या नायट्रो इंधनाच्या मॉडेल गाडीचा स्पर गिअर, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारा मोठा दातेरी गिअर, खाल्ला गेला की बहुतेक जण नवा आणतात, बसवतात आणि पुन्हा थ्रॉटल दाबतात. दोन-चार टाक्या सगळं झकास, मग तोच कर्रर्र आवाज आणि मग कंपनीच्या नावाने शिमगा. माझं म्हणणं असं की स्पर सहसा आपल्या मरणाने मरत नाही. खरा चोर इंजिन माउंटच्या (इंजिनला चेसिसवर धरून ठेवणाऱ्या तुकड्याच्या) स्क्रूमध्ये, क्लच बेलच्या (इंजिनाच्या बाजूचा, स्परला फिरवणारा छोटा दातेरी भाग) बेअरिंगमध्ये नाहीतर बेलच्या दात्यांत बसलेला असतो. त्याला हात न लावता नवा स्पर बसवला की तोही त्याच वाटेने जाणार.

अलीकडेच एका मित्राची १/८ स्केलची ट्रगी (बगी आणि ट्रक यांच्या मधली गाडी) माझ्या टेबलावर आली. बेल १४ दात्यांची, स्पर ४६ दात्यांचा. स्पर काढून भिंगाखाली धरला तर एकाआड एक दाता खरवडलेला. एक शाबूत, एक चावलेला, असं पूर्ण गोल. मेश, म्हणजे दोन गिअरचे दाते एकमेकांत किती घट्ट बसतात ते, बिघडलं असतं तर सगळेच दाते थोडेफार गेले असते. हे प्रकरण वेगळं होतं. १४ आणि ४६, दोघांनाही २ ने भाग जातो. त्यामुळे बेलच्या कुठल्याही एका दात्याची गाठ स्परच्या निम्म्याच दात्यांशी पडते, उरलेल्या निम्म्यांशी कधीच नाही. म्हणजे बहुधा बेलचा एकच दाता बिघडला होता. बेल हळूहळू फिरवत प्रत्येक दात्यावरून नख ओढलं आणि तो सापडला. टोकाचा टवका उडालेला, कड ब्लेडसारखी. मध्ये खडा सापडला असावा. १३ ची बेल असती तर त्याच दात्याने सगळे ४६ दाते सारखेच खाल्ले असते आणि आम्ही ‘स्परच कच्चा निघाला’ म्हणून मोकळे झालो असतो.

म्हणून जुना स्पर लगेच कचऱ्यात टाकू नका, आधी तो नीट वाचा. दात्यांची फक्त टोकं खाल्लेली असतील तर मेश ढिलं आहे, नाहीतर पळताना ढिलं होतंय. दात्यांच्या बुडाशी घासल्याच्या खुणा आणि आजूबाजूला बारीक प्लास्टिकचा भुगा असेल तर मेश घट्ट. रुंदीच्या एकाच बाजूला झीज असेल तर बेल आणि स्पर एका रेषेत नाहीत किंवा बेल तिरकी पळतेय. आणि सलग तीन-चार दाते साफ उडालेले, बाकी सगळे नव्यासारखे? तिथे एकदम झटका बसलाय. सहसा उडीवरून उतरताना थ्रॉटल दाबून ठेवलेला असतो; हवेत भन्नाट फिरणारी चाकं जमिनीला टेकताच थबकतात आणि तो सगळा धक्का दात्यांवर येतो. गाडीत स्लिपर क्लच (झटका बसला की घसरून तो झेलणारा) असेल आणि तो पार आवळून ठेवला असेल तर मग बोलायलाच नको.

‘बेल तर स्टीलची, ती कशी झिजेल?’ असं मला नेहमी ऐकवलं जातं. हिशेब करा. इंजिन ३०,००० आरपीएमला असताना आणि क्लच पूर्ण धरलेला असताना बेलचा प्रत्येक दाता सेकंदाला ५०० वेळा चावा घेतो. १३/४६ च्या जोडीत त्याच वेळात स्परच्या दात्याच्या वाट्याला साधारण १४१ चावे येतात. काम बेलच्या दात्याला साडेतीनपट आहे. बेलचा कडक थर एकदा घासून गेला की आतलं मऊ स्टील भराभर उतरतं आणि दाते शार्कच्या पंखासारखे एका बाजूला झुकून टोकदार होतात. अशी बेल दिसली की माझा निकाल ठरलेला: बेल आणि स्पर दोन्ही बदलायचे.

आता माउंट. माझ्या मते निम्म्याहून जास्त भानगडी इथेच असतात. स्क्रू दोन ठिकाणी असतात: चेसिसच्या खालून माउंटमध्ये जाणारे आणि वरून इंजिनला माउंटशी बांधणारे. खालचे सगळे आवळतात, वरच्यांची आठवण कोणाला होत नाही. इंधनात मिथेनॉल आणि नायट्रोमिथेनबरोबर तेलही असतं, ते झिरपत आट्यांपर्यंत जातं. तेलकट आट्यांवर थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ न देणारा चिकट द्रव) कितीही ओता, धरत नाही. स्क्रू आणि भोक दोन्ही क्लीनरने धुऊन, पूर्ण कोरडं करून मगच निळा थ्रेडलॉकर, तोही एक थेंब. लाल लावू नका, नंतर स्क्रू काढताना रडाल. प्लास्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला तर कुठलाच नको. सगळं आवळून झालं की माउंट आणि चेसिस यांच्यावरून नेलपॉलिशची एक आडवी रेघ ओढतो. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की इंजिन सरकलंय, वाद मिटला.

बेलची बेअरिंग तपासायला बेल काढावीच लागते. गाडीवर असताना बोटाने हलवून ‘ठीक वाटतंय’ म्हणणं म्हणजे दात न बघता घोडा घेणं. बेअरिंग बोटांवर फिरवा: खरखर, अडकणं किंवा निळसर झाक दिसली तर बदला. क्लच फार घसरत असेल तर बेल तापते, बेअरिंगमधलं ग्रीस उडून जातं आणि बेल डुलायला लागते. डुलणाऱ्या बेलला कुठलंच मेश लागू पडत नाही. बेअरिंग जाम झाली की गाडी आयडलवरही पुढे सरकू पाहते. लोक बिचारे कार्ब्युरेटरचा आयडल स्क्रू पिळत बसतात. नवी बेअरिंग टाकल्यावर शिम (पातळ वॉशर) देऊन बेल मोकळी फिरते ना आणि पुढे-मागे अगदी किंचितच हलते ना, हेही बघा.

मेश मात्र सर्वांत शेवटी. वहीच्या कागदाची पट्टी दोन्ही गिअरमध्ये धरून इंजिन दाबायचं आणि आवळायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. राहून जातं ते पुढचं: स्पर क्वचितच अगदी गोल असतो. पट्टी काढून स्पर पूर्ण एक फेरी फिरवा, सर्वांत घट्ट जागा सापडली की तिथे खूण करा आणि तिथेच पुन्हा मेश लावा. त्या जागीही स्पर धरून बेल हलवली तर किंचित ‘टिक’ जाणवली पाहिजे. दुसरीकडे थोडं ढिलं वाटेल, चालतं.

स्परवर ग्रीस लावायचा सल्ला देणारे भेटतील. उघड्या गिअरवर ग्रीस म्हणजे धुळीला आमंत्रण. ग्रीस आणि माती मिळून पॉलिशपेस्ट तयार होते. कोरडाच ठेवा, ब्रशने झटका.

आणि काढलेली झिजकी बेल ‘अडीअडचणीला होईल’ म्हणून डब्यात ठेवू नका. रेसच्या आदल्या रात्री तीच हाताला लागते.