तुम्ही विचारलंत म्हणून: रक्त मागितलं की आधी इतके प्रश्न कशाला?

"माणूस मरायला टेकलाय आणि तुम्ही उलटतपासणी कसली घेता?"

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की समोरचा 'माणूस' म्हणाला की पुढचं मला पाठ येतं. फोनवर पेशंटचे नातेवाईक विचारतात. ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या मॅडम विचारतात. चार महिन्यांपूर्वी आमच्यात आलेली सेकंड इयरची पोरंसुद्धा विचारतात. एका लग्नात पंगतीला बसल्या बसल्या एका मावशींनी विचारलं, तेव्हा माझ्या तोंडात जिलबी होती म्हणून त्या वाचल्या. तर एकदाच सगळं लिहून काढते. पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच पाठवून देईन.

आमचा सोलापुरातला ग्रुप फोन आला की पेशंटसाठी रक्तदाता शोधून ब्लड बँकेत पाठवतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. प्रश्न काय असतात तेही ठाऊक आहे: पेशंट कुठल्या वॉर्डात आहे, गट तपासून झालाय का, डॉक्टरांची मागणीची चिठ्ठी हातात आहे का, रक्त किती वाजेपर्यंत हवंय, आणि घरातल्या किती जणांनी दिलं. शेवटच्या प्रश्नाला माणसं पेटतात. "घरात कुणाचा जुळत नाही हो," म्हणतात. तपासलं का, विचारलं की फोनवर शांतता.

लोकांच्या डोक्यात अजून सिनेमातलं चित्र आहे. दोन खाटा, मधे नळी, इकडचं रक्त तिकडे. तसं काही होत नाही. तुम्ही दिलेलं रक्त आधी तपासायला जातं. एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, गुप्तरोग, मलेरिया एवढं सगळं बघून मग पिशवी फ्रीजमध्ये जाते. (पिशवीच. पण 'दोन बाटल्या रक्त' काही आपल्या तोंडातून जात नाही, आणि प्लेटलेटला 'पांढऱ्या पेशी' म्हणणंही जात नाही. त्या वेगळ्या असतात हे सांगून सांगून मी थकले.) म्हणजे गट साधा असेल आणि बँकेत पिशवी शिल्लक असेल, तर तुमच्या पेशंटला तपासलेली पिशवी लगेच मिळू शकते, आणि तुमच्या मामाने, मेव्हण्याने दिलेलं रक्त पुढच्या कुणाला तरी जातं. त्यासाठी होटगी रोडवरच्या अनोळखी पोराला रात्री बारा वाजता उठवायची गरज नसते.

आणि एकदा दिलं की तो पोरगा ९० दिवस बाद. मुलगी असेल तर १२०. आमच्या रजिस्टरमध्ये चारशेच्या वर नावं आहेत, पण ओ निगेटिव्ह फक्त बारा. आरएच निगेटिव्ह, म्हणजे कुठल्याही निगेटिव्ह गटाची माणसं आपल्याकडे मुळातच शंभरात पाचेक. त्यातला एक मी आज 'असू दे तयार' म्हणून खर्च केला, तर पंधरा दिवसांनी थॅलेसेमियाच्या पोरीला कुणाचं नाव काढू? तिला दर तीन आठवड्यांनी रक्त लागतं. तिच्या घरून कधी रडारड करत फोन येत नाही, कारण तिची तारीख ठरलेली असते. ज्याचा आवाज मोठा त्याला आधी, असं झालं की अशी मुलं मागे पडतात. हे माझं मत आहे, आणि यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे.

इथवर लिहिलेलं वाचून मीच मला फार शहाणी वाटायला लागले. म्हणून दुसरी गोष्ट सांगते.

२०१२ साली आम्ही हे सुरू केलं तेव्हा मी १९ वर्षांची होते आणि एकही प्रश्न विचारत नव्हते. मला त्याचा अभिमान होता. "आपण विचारत बसायचं नाही, माणूस पाठवायचा," असं मी मीटिंगमध्ये म्हणायचे. मीटिंग म्हणजे पार्क चौकात चहाची गाडी. फोन आला की वीस मिनिटांत डोनर बँकेत हजर, ही आमची ख्याती. कुणी 'देवासारखे धावून आलात' म्हणालं की दोन दिवस जेवण गोड लागायचं. ती मुलगी आज भेटली तर मला म्हणेल, तू सरकारी बाई झालीस. मी तिला काय म्हणेन ते माहीत नाही.

मे २०१६. मे महिना आमच्यासाठी दुष्काळ. कॉलेजं बंद, हॉस्टेलची पोरं गावाला, शिबिरं नाहीत. नेत्यांच्या वाढदिवसाला हेल्मेट वाटून एका दिवसात शेकड्यांनी पिशव्या गोळा होतात, पण पिशवीचं आयुष्य ३५ दिवसांचं, फार तर ४२. वाढदिवस काही मे महिन्याच्या सोयीने येत नाहीत. रात्री साडेअकराला फोन आला. बाळंतपणाची बाई, ओ निगेटिव्ह, "ताई, अर्जंट आहे, पेशंट सिरियस आहे." मागे कुणीतरी रडत होतं. मी रजिस्टर उघडलं. तेव्हा ओ निगेटिव्ह सात होते. तीन गावाला, दोघांचे फोन बंद, एकाला ताप. उरला एक. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचा, विजापूर रोडला राहणारा, वीस वर्षांचा. त्याच्या नावापुढे माझ्याच अक्षरात तारीख होती. ४१ दिवस झाले होते.

मी ती तारीख पाहिली. पाहिली नाही असं मला म्हणता आलं असतं, आणि पहिले दोन महिने मी तसंच सांगत होते. पण पाहिली होती. त्याला फोन लावला आणि म्हणाले, "फॉर्मवर तीन महिने झाले असं लिही. काही होत नाही."

तो म्हणाला, "अक्का, परवा पेपर आहे." मग आपणच म्हणाला, "येतो बे, दहा मिनिटांत जाऊन येतो." मुलींनाही बे म्हणायची त्याची सवय.

मी घरीच होते. रात्री बारा वाजता मुलीने बाहेर पडायचं नाही हा आमच्या घरातला कायदा. कधी मी त्यावर भांडायचे, कधी तो मला सोयीचाही पडायचा. मी फोनवरून सगळं चालवत होते. पावणेदोनला त्याचा मेसेज आला: 'झालं.' मी अंगठा पाठवला आणि झोपले.

परत जाताना सात रस्त्याच्या अलीकडे त्याला गरगरलं. वडिलांची गाडी होती. रस्ता मोकळा होता म्हणून थोडक्यात निभावलं, असं सगळे म्हणाले. थोडक्यात म्हणजे उजव्या खांद्याचं हाड मोडलं, दोन दात गेले. उजवा हात गळ्यात. राहिलेले दोन पेपर गेले, ते थेट हिवाळी परीक्षेत द्यावे लागले. त्या वर्षी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळाला असता, तोही गेला.

त्याला तपासणारे डॉक्टर म्हणाले, अभ्यासाच्या नादात रात्रीचं जेवण नाही, दिवसभर ४२-४३चं ऊन, झोप नाही, आणि रक्त देऊन पाच मिनिटांत गाडीवर बसला. एवढं पुरेसं आहे. ४१ दिवसांचा त्यात किती वाटा, ते सांगता येणार नाही म्हणाले. एचबी, म्हणजे हिमोग्लोबिनच्या चाचणीत तो पास झाला होता. हे मी तुम्हाला का सांगतेय ते तुमच्या लक्षात आलं असेल. दहा वर्षं होत आली, तरी मी अजून माझ्या बाजूचा साक्षीदार शोधतेय.

चौथ्या दिवशी मी सिव्हिलच्या मागच्या गल्लीतल्या दवाखान्यात त्या बाळंतिणीची चौकशी करायला गेले. मला वाटलं, निदान तिकडे जीव वाचलाय, तेवढं त्याच्या आईला सांगता येईल. बाई छान होती. मुलगा झाला होता, पेढा मिळाला. सिझर होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाचं, आधीपासून ठरलेलं. रक्तस्राव वगैरे काही नव्हता. डॉक्टरांनी 'दोन पिशव्या तयार ठेवा' एवढंच सांगितलं होतं. लागली एकही नाही. तिचे दोन भाऊ तिथेच बाकावर बसले होते, चांगले दांडगे. त्यांचा गट कोणता, विचारलं. दोघांनी कधी तपासलाच नव्हता. सख्ख्या भावांचा जुळण्याची शक्यता किती असते! म्हणाले, "आम्हाला रानात कामं असतात, अशक्तपणा येतो."

पेढा हातात तसाच घेऊन मी बाहेर आले. 'कधीपर्यंत हवंय' हा एक प्रश्न. विचारला असता तर "उद्या दहापर्यंत" असं उत्तर आलं असतं. दहा तास होते माझ्याकडे.

मग त्याच्या घरी गेले. आईने पाणी दिलं, बसायला सांगितलं, आवाज चढवला नाही. म्हणाली, "तो जेवला का एवढं तरी विचारायचं ना गं." आणि थोड्या वेळाने, "तू देतेस का रक्त?"

हा प्रश्नसुद्धा तुम्ही विचारता, फक्त हळू आवाजात. उत्तर: फारसं नाही. बोटाला टोचून रक्ताचा थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडतात. खाली बुडाला तर एचबी साडेबाराच्या वर, तुम्ही पास. माझा थेंब क्षणभर खाली जातो आणि वर येऊन तरंगतो. आजवर दोनदाच बुडाला. खजूर झाले, बीट झालं, गोळ्या झाल्या, अकराच्या आसपासच घोटाळतं. आमच्यातल्या अर्ध्या मुली अशाच परत येतात, निळ्या पाण्याकडे बघून ओशाळं हसत. म्हणून आम्ही फोन करतो, रजिस्टर ठेवतो. दुसऱ्याचं रक्त वाटून मी पुण्य करते, हे वाक्य त्या आईने उच्चारलं नाही. ते माझंच आहे.

त्या उन्हाळ्यानंतर प्रश्न आले. चिठ्ठीचा फोटो तर आणखी एका प्रकारानंतर आला. एकच चिठ्ठी तीन वेगळ्या नावांनी आमच्याकडे फिरून आली होती. कुणीतरी दवाखान्यांबाहेर उभं राहून 'सोय करून देतो' म्हणत पैसे घ्यायचा, आणि आमची पोरं फुकट पाठवायचा. पैसे घेऊन रक्त देण्यावर १ जानेवारी १९९८पासून देशभर बंदी आहे, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे. दलाल मात्र नव्या रूपात येतो, आणि यावेळी त्याचा माल आम्ही होतो. पूर्व भागातला एक विणकराचा मुलगा कामाची पाळी बुडवून द्यायला गेला होता. त्याला हे सांगताना मला जमीन दुभंगावी असं झालं.

आता तुमच्या बाजूचं सांगते, कारण ते मला झोपू देत नाही आणि तुम्हाला माहीत नाही.

तीनेक वर्षांपूर्वी संध्याकाळी अक्कलकोटकडच्या एका माणसाचा फोन आला. मराठीत कन्नडचा हेल. अपघात, बी पॉझिटिव्ह. मी नेहमीसारखी सुरू झाले: वॉर्ड कुठला, चिठ्ठीचा फोटो पाठवा. तो म्हणाला, "मॅडम, साधा फोन आहे. फोटो होत नाही." मी म्हणाले, मग चिठ्ठी वाचून दाखवा. तो म्हणाला, "मला वाचायला येत नाही." मी म्हणाले, तिथल्या सिस्टरला फोन द्या. मागे गाड्यांचा आवाज येत होता, म्हणजे तो बाहेर रस्त्यावर होता. थोडा वेळ काहीच बोलला नाही, मग फोन ठेवला. मी उलट लावला, उचलला नाही. चार बँकांत विचारलं, बी पॉझिटिव्हच्या चिठ्ठ्या त्या संध्याकाळी कितीतरी आल्या होत्या. बी पॉझिटिव्ह म्हणजे सगळ्यात सोपं. माझाही तोच. पाच मिनिटांत माणूस मिळाला असता, कदाचित लागलाही नसता.

तेव्हापासून साधा फोन असेल तर फोटो मागत नाही. 'जवळ कुणी शिकलेलं आहे का' असंही विचारत नाही, आमचा एक पोरगाच तिकडे जाऊन चिठ्ठी बघतो. याने वेळ वाचतो की जातो, देव जाणे. सेकंड इयरची पोरं म्हणतात, अक्का, नियम काढून टाकू. मी नाही म्हणते. मग रात्री वाटतं, ती म्हणतात ते बरोबर असेल. सकाळी पुन्हा नाही म्हणते.

रजिस्टरमध्ये बारा ओ निगेटिव्ह म्हणाले ना, त्यातलं एक नाव पेन्सिलीने लिहिलेलं आहे. आईच्या सांगण्यावरून मी ते २०१६ साली खोडलं होतं. पुढे तो पुण्याला नोकरीला लागला, सणावाराला येतो. दोन वर्षांपूर्वी त्यानेच फोन करून नाव परत घाल म्हणून सांगितलं. पेनने लिहायचा धीर झाला नाही.

गेल्या मेमध्ये थॅलेसेमियाच्या त्या पोरीच्या तारखेला कुणीच नव्हतं, आणि तो सुट्टीवर आलेला. सकाळी नऊला फोन केला, रात्री नाही. शेवटचं कधी दिलंस, पुण्यात कुठे दिलंस का, झोप झाली का, ताप, गोळ्या, गाडीवर कोण नेणार, सगळं विचारलं. जेवलास का, विचारलं. "जेवलो बे अक्का." काय जेवलास, विचारलं. तो हसायला लागला. "भाकरी, शेंगाची चटणी, दही. अजून काय, ताटाचा फोटो पाठवू?"

आईला सांगून निघालायस का, तेवढं मात्र मी विचारलं नाही.