अडतिसाव्या वर्षी विशारदचा फॉर्म

बासरी मी बाराव्या वर्षापासून वाजवते, गेली दहा वर्षं सदाशिव पेठेत शिकवतेही. पण परीक्षा एकही दिलेली नव्हती. गुरुजींचं मत ठाम होतं, "कागदावर फुंकर मारून सूर निघत नाही गं." कार्यक्रम मिळत होते, मुलं शिकायला येत होती, सर्टिफिकेट कुणी मागितलं नाही. मग एका शाळेत संगीतशिक्षकाची अर्धवेळ जागा निघाली. मुलाखतीत बासरी पिशवीतून काढायच्या आतच प्रश्न आला, "विशारद आहात?" म्हणजे संगीताची ती वरची परीक्षा पास आहात का. विषय तिथंच संपला.

खालच्या परीक्षा उरकून अडतिसाव्या वर्षी गांधर्व महाविद्यालय मंडळाचा विशारदचा फॉर्म भरला. वाजवण्याची भीती नव्हती, घाम काढला तो लेखीनं. मारवा, पूरिया, सोहनी हे तीन राग. तिघांतही कोमल रिषभ, तीव्र मध्यम, आणि पंचम नाही. वाजवताना फरक आपोआप कळतो: मारव्यात रिषभ-धैवतावर मुक्काम, पूरियात गंधार-निषादावर, आणि सोहनी सारखी वर तार षड्जाकडे धावते. हेच पानभर लिहा म्हटल्यावर पेन हलेना. झपतालाची तिगुन, म्हणजे तिप्पट लयीतले बोल, लिहून पाहत होते, तर माझीच अकरावीतली विद्यार्थिनी वहीत डोकावून म्हणाली, "ताई, इथे एक बोल राहिलाय." राहिलाच होता.

प्रात्यक्षिक डिसेंबरातल्या सकाळी. पुण्याची ती थंडी माणसांना आवडते, बासरीला नाही. गार बांबूतला सूर उतरतो, आणि तानपुऱ्याचं मशीन काही आपल्यासाठी खाली येत नाही. एरवी दहा मिनिटं वाजवून बासरी तापवते, पण आत परीक्षा चालू, बाहेर वाजवायची सोय नाही. पांढरी तीनची (पेटीवरची तिसरी पांढरी पट्टी, त्या सुराची) लांबलचक बासरी शालीत गुंडाळून, आवाज न करता आत श्वास सोडत बसले. शेजारच्या पेटीवाल्या मुलाला मी नक्की वेडी वाटले असणार. तरी पहिला षड्ज खालीच लागला. बासरी ओठांवर किंचित बाहेर वळवून तो वर ओढला. आलाप होईपर्यंत बांबू तापला होता.

नंतर तोंडी प्रश्न: बासरीवादक पन्नालाल घोषांनी बासरीला सातवं छिद्र का पाडलं? सहाही छिद्रं झाकली की मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला, पंचम मिळतो. त्याखालचा तीव्र मध्यम हवा असेल तर आणखी एक छिद्र लागतं. "मग तुमच्या बासरीला सहाच कशी?" "माझी करंगळी तिथवर पोचत नाही," मी म्हणाले. परीक्षक हसले. गुण कापले की नाही देव जाणे, पास झाले.

शाळेतली ती जागा कधीच भरली गेली होती. शिकवण्या तेवढ्या वाढल्या. पालक आता फी विचारायच्या आधी 'परीक्षेला बसवता ना?' विचारतात. यंदा त्या अकरावीतल्या मुलीचाही फॉर्म भरलाय. थंडीतलं सत्र नको, उन्हाळ्यातलं घे, असं तिला सांगितलंय. तेव्हा बासरीचा सूर चढेल, ते तिचं ती बघेल.