आधीची स्टिक दाखवा : आमची वाटचाल

संगणकाची रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, वाढवून देणं हे आमचं काम. आमच्याकडे कोणी नुसतं “आठ जीबीची एक रॅम द्या” म्हणत आलं, की आम्ही कपाट उघडत नाही. आधी विचारतो, “आता मशीनमध्ये कुठली आहे? काढून आणता येईल, की लेबलाचा फोटो पाठवता?” काही जण वैतागतात. रॅम ती रॅम, त्यात काय बघायचं, असं त्यांना वाटतं. हा प्रश्न आमच्या तोंडी कसा बसला, तीच आमच्या फर्मची गोष्ट आहे.

मी आणि माझा धाकटा भाऊ, एक टेबल आणि एक स्क्रूड्रायव्हरचा सेट, इतक्यावर आम्ही सुरुवात केली. एसडीरॅम ही रॅमची जुनी पिढी जाऊन डीडीआर ही नवी येत होती. एसडीरॅमला १६८ पिना आणि दोन खाचा, डीडीआरला १८४ पिना आणि एकच खाच, त्यामुळे चुकीची स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, बोर्डात बसायचीच नाही. बसली की चालणार, असं आम्हीही धरून चाललो होतो.

पहिला धडा लगेच मिळाला. ४४०बीएक्स चिपसेटच्या (चिपसेट म्हणजे बोर्डावरचा रॅम सांभाळणारा भाग) एका जुन्या मशीनमध्ये २५६ एमबीची नवी स्टिक टाकली, तर स्क्रीनवर १२८ च दिसू लागली. बदलून दुसरी टाकली, तीही १२८. भावाने दोन्ही स्टिक उजेडात धरल्या, शेजारी आमच्याकडची जुनी २५६ एमबी धरली आणि म्हणाला, “दादा, हिच्यावर सोळा चिपा आहेत, यांच्यावर आठच.” तेवढंच कारण होतं. एकूण क्षमता तीच असली तरी नव्या स्टिकवरच्या चिपा दुप्पट घनतेच्या होत्या, म्हणजे एकेकीत दुप्पट साठा, आणि त्या चिपसेटला तेवढी घनता वाचताच येत नव्हती. त्या दिवशी भावाने एक शंभर पानी वही आणली. कुठल्या बोर्डात कुठली स्टिक चालली, किती चिपा, लेबलावर काय छापलंय, सगळं लिहायला लागला. ती वही म्हणजे आमच्या फर्मचं पहिलं भांडवल, असं मी आजही मानतो.

पुढची काही वर्षं बरी गेली. डीडीआर २ आली, डीडीआर ३ आली. दोन्हींना २४० पिना, पण खाच वेगळ्या जागी आणि व्होल्टेजही वेगळं : आधी १.८, मग १.५. कामं वाढली, एक मदतनीस आला. वही मात्र मागे पडली. घाईत कोण लिहीत बसणार?

त्या घाईची किंमत एका हिशेबनिसांच्या ऑफिसने मोजली. त्यांच्या मशीनमध्ये डीडीआर ३ ची १३३३ वेगाची चार जीबी होती. मी शेजारी दुसऱ्या कंपनीची १६०० ची चार जीबी बसवली. दोन वेगांच्या स्टिक एकत्र आल्या की बोर्ड दोघींना कमी वेगावर आणतो, हे मला ठाऊक होतं आणि झालंही तसंच. आठ जीबी दिसली, विंडोज सुरू झालं, मी निघालो.

तीन आठवड्यांनी फोन आला : बॅकअपच्या झिप फाइल उघडत नाहीत. मी हार्ड डिस्कवर संशय घेतला, ती बदलली. पुन्हा तेच. शेवटी मशीन आमच्याकडे आणून मेमटेस्ट ही रॅम तपासणारी चाचणी लावली. पहिली फेरी स्वच्छ, दुसऱ्या फेरीत लाल ओळी. एकेक स्टिक वेगळी करून रात्रभर तपासली, तर दोन्ही निर्दोष. एकत्र घातल्या की चुका. जुनीच्या लेबलावर २आरएक्स८ होतं, नवीच्या १आरएक्स८. म्हणजे एकीत चिपांच्या दोन रँक, म्हणजे एकत्र काम करणारे दोन गट, दुसरीत एकच. अशी जोडी चालतच नाही असं नाही, बहुतेकदा चालते. पण प्रत्येक स्टिकवर एसपीडी नावाची एक छोटी चिप असते, तिच्यात त्या स्टिकचे टायमिंग लिहिलेले असतात, आणि बायोस, म्हणजे मशीन सुरू होताना बोर्ड चालवणारा प्रोग्राम, दोन्हींचं वाचून दोघींना चालेलसा मार्ग काढतो. तो मार्ग अगदी काठावरचा निघाला, तर मशीन चालू राहतं आणि अधूनमधून एखादा बिट उलटतो. साध्या डेस्कटॉपच्या रॅममध्ये ईसीसी, म्हणजे अशी चूक पकडणारी सोय, नसते, त्यामुळे चूक झाल्याचं कोणी सांगत नाही. चुकलेला आकडा तसाच डिस्कवर लिहिला जातो.

बंद पडलेलं मशीन परवडतं. हे मशीन तीन आठवडे चुकीचं लिहीत राहिलं होतं, आणि ते मी करून ठेवलं होतं. एकाच पाकिटात आलेला जोडीचा किट बसवला आणि भाऊ नि मी चार संध्याकाळ त्यांच्या ऑफिसात बसून एकेक फाइल पडताळून दिली. ते गृहस्थ आजही आमचे ग्राहक आहेत, याचं मला फार मोल वाटतं.

त्यानंतर दोन नियम झाले, ते आजतागायत मोडलेले नाहीत. रॅम वाढवलेलं कुठलंही मशीन रात्रभर चाचणी झाल्याशिवाय बाहेर जात नाही. आणि वही पुन्हा सुरू झाली.

डीडीआर ४ च्या काळात तक्रारींचा सूर बदलला. “३२०० ची घेतली आणि बायोसमध्ये २१३३ च दिसते, फसवलंत की काय?” फसवणूक नसते. पाकिटावरचा वेग बहुधा एक्सएमपी प्रोफाइलचा, म्हणजे कंपनीने स्टिकमध्ये भरून ठेवलेल्या वाढीव वेगाच्या सेटिंगचा, असतो आणि तो बायोसमध्ये जाऊन चालू करावा लागतो. तो चालू केल्यावरही एखादं सॉफ्टवेअर १६०० दाखवतं, कारण ते घड्याळाचा खरा ठोका दाखवतं आणि डीडीआर एका ठोक्याला दोनदा माहिती पाठवते. नुसत्या मोठ्या आकड्यामागे धावणाऱ्यांना आम्ही कागदावर गणित मांडून दाखवतो : सीएलचा आकडा (पहिल्या प्रतिसादाला लागणारे ठोके) गुणिले २०००, भागिले वेग. ३२०० सीएल १६ ची स्टिक घ्या किंवा ३६०० सीएल १८ ची, उत्तर १० नॅनोसेकंदच येतं. ३६०० मधून तेवढ्याच वेळात जास्त माहिती जाते, पण पहिला प्रतिसाद तेवढ्याच वेळात.

स्लॉटचंही तेच. चार स्लॉटच्या बोर्डात दोन स्टिक बहुतेक वेळा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या जागी बसतात, तेव्हा दोन्ही चॅनेल, म्हणजे रॅम ते प्रोसेसर या दोन्ही वाटा, चालतात. शेजारीशेजारी खुपसून दिलेल्या स्टिक आम्ही आजवर इतक्या मशीनमध्ये पाहिल्यात, की नवं मशीन उघडलं की नजर आधी तिथेच जाते.

डीडीआर ५ ने आमचा सल्लाच बदलायला लावला. पूर्वी आम्ही म्हणायचो, आता दोन घ्या, पुढे दोन वाढवा. आम्ही तसं सांगितलेल्या एका व्हिडिओ एडिटर ताईंनी वर्षभराने अगदी त्याच मॉडेलचा १६-१६ जीबीचा दुसरा किट आणला. चार स्टिक ६००० वर सुरूच होईनात. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेच्या प्रोसेसरवर दोन स्टिकना अधिकृत वेग ५२०० आहे, चार लावल्या की तो ३६०० वर येतो. ६००० म्हणजे त्याच्याही वरचं. शिवाय मॉडेल नंबर तोच असला तरी कंपनी आतल्या चिपा बदलते, आणि वहीतली नोंद काढून पाहिली तर नव्या किटवरचा आवृत्तीचा आकडा वेगळाच होता. आमच्या सल्ल्यामुळेच हे झालं होतं, म्हणून दोन्ही किट परत घेऊन ३२-३२ चा एकच किट बसवून दिला. आता डीडीआर ५ घेणाऱ्याला आम्ही सुरुवातीलाच विचारतो, दोन-तीन वर्षांनी काय काम करणार आहात? तेवढी रॅम आजच दोन स्टिकमध्ये घ्या आणि उरलेले दोन स्लॉट रिकामे राहू द्या. आणि पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन काही मिनिटं काळी राहिली तर घाबरून बटण दाबू नका. बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो, त्याला वेळ द्या.

आता आम्ही पाच जण आहोत. नोंदी संगणकात गेल्या, तरी भावाच्या अक्षरातल्या सात वह्या कपाटात आहेत, आणि एखादं जुनं मशीन आलं की त्या अजून बाहेर निघतात. आज संध्याकाळी तीन मशीन चाचणीला लावलीत. एकात दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या डीडीआर ४ स्टिक आहेत, कारण ज्या शाळकरी मुलीचं ते मशीन आहे, तिला जुनी होती तीच वापरायची आहे. पहिली फेरी स्वच्छ गेली आहे. सकाळी उरलेल्या फेऱ्या बघून तिच्या वडिलांना फोन करीन.