चिंगीच्या पोटातले पाणी

यंदा चैत्रात आमच्या चिंगीला उलट्या आणि जुलाब सुरू झाले आणि दोन दिवसांत हे चार किलोंचे मांजर उचलताना रिकाम्या पिशवीसारखे लागू लागले. डॉक्टर बाईंनी तिच्या खांद्यांमधली कातडी चिमटीत धरून सोडली, तेव्हा ती चटकन जागेवर न जाता क्षणभर तशीच उभी राहिली. मग ओठ वर करून हिरडीवर बोट टेकवले, तर ती ओलसर न लागता बोट चिकटले. दोन्ही खुणा अंगातले पाणी आटल्याच्या. त्यांनी मानेमागच्या कातडीखाली १०० मिली सलाइन दिले. बैलाच्या वशिंडासारखा दिसणारा तो उंचवटा संध्याकाळपर्यंत पुढच्या पायाकडे ओघळला आणि रात्रीत जिरून गेला. हे असे होते याची कल्पना त्यांनी आधी दिली नसती, तर सूज समजून मी रात्रीच त्यांचे दार ठोठावले असते.

उलट्या थांबल्या, औषध पोटात राहू लागले, आणि खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली, कारण चिंगी पाणीच पिईना. मी घरभर वाट्या मांडल्या. पंचवटीतल्या आमच्या जुन्या घराला कोपऱ्यांची कमतरता नाही, त्यामुळे वाट्याही पुष्कळ झाल्या, पण ती प्रत्येकीकडे पाहून पुढे निघून जाई. सासूबाई म्हणाल्या, "अगं, दूध दे की, मांजर ते डोळे मिटून पितं." तिने प्यायलेही, पण मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणांना दुधातली साखर पचत नाही, त्यामुळे नुकतेच थांबलेले जुलाब पुन्हा सुरू झाले आणि पोटात गेले त्यापेक्षा जास्त पाणी बाहेर गेले.

मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले. उंदीर खाल्ला की त्यातच बरेचसे पाणी मिळायचे, म्हणून तहान मंद आणि लघवी घट्ट, अशी त्यांची घडण झाली. मांजराला दिवसाला दर किलोमागे साधारण ५० मिली पाणी लागते, म्हणजे चिंगीला सुमारे २०० मिली. ती जो कोरडा खाऊ खात असे त्यात जेमतेम दहा टक्के ओलावा असतो, म्हणजे ६० ग्रॅममधून मिळाले ६ मिली. उलट ८५ ग्रॅमच्या ओल्या पाकिटात ६५ ते ७० मिली पाणी असते. हा हिशेब कागदावर मांडल्यावर लक्षात आले की मी तिला पाणी पाजण्याच्या मागे लागले होते, प्रत्यक्षात ते तिला खाऊ घालायला हवे होते.

मग ओल्या खाण्यात दोन चमचे कोमट पाणी कालवून, पातळ खिरीसारखे करून, थोडेथोडे दिवसातून पाच वेळा देऊ लागले. कोमट केल्याने वास सुटतो आणि आजारात मंदावलेली भूक वासानेच जागी होते. कोंबडी उकडलेले पाणीही चालते, मात्र त्यात मीठ, कांदा, लसूण काहीही नको. कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. ज्या जिल्ह्यात लासलगाव आहे, तिथल्या घरात फोडणीशिवाय काही शिजवायचे म्हणजे हाताला आवर घालावा लागतो. शिवाय सासूबाईंचे सोवळे सांभाळायचे, म्हणून ते पातेले मागच्या गॅलरीतल्या शेगडीवर चढत असे.

सिरिंजने पाणी पाजण्याचा माझा पहिला प्रयत्न मात्र धोक्याचा होता. मी तिची मान वर केली, जोराने दाबले आणि तिला ठसका लागला. पाणी फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होऊ शकतो, हे मला डॉक्टर बाईंच्या बोलण्यातून उमगले. डोके सरळ ठेवून, गालाच्या बाजूने, सुळ्यामागच्या फटीतून अर्धा-एक मिली सोडायचे आणि तिने गिळेपर्यंत थांबायचे, अशी त्यांची पद्धत. उलटी होत असताना किंवा मांजर गळून गेलेले असताना हे करायचेच नाही.

ती किती पिते हे मोजण्याचा नाद मला त्याच दिवसांत लागला. सकाळी २५० मिली ओतायचे आणि रात्री उरलेले मोजायचे, इतके सोपे वाटले होते. पण नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात पाणी नुसते उडूनही जाते. म्हणून शेजारी तसाच दुसरा बाऊल चाळणीखाली झाकून ठेवला, आणि त्यातली घट वजा करू लागले. त्या खटाटोपात कळले की प्लास्टिकच्या वाटीपेक्षा काचेचा पसरट बाऊल तिला आवडतो आणि खाण्याच्या ताटलीजवळ ठेवलेले पाणी ती टाळते.

मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर पाण्याचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. दिवसभर काहीच न खाणारे मांजर उद्यावर टाकू नये, कारण उपाशी राहिल्याने त्याच्या यकृतात चरबी साठू लागते. आणि बोका पुन्हा पुन्हा बसून कुंथत असेल, लघवीचा थेंबही येत नसेल, तर तासही न दवडता दवाखाना गाठावा.

चिंगीच्या वाळूतले लघवीचे गोळे आता पूर्वीइतके मोठे निघतात. हिरडीवर बोट ठेवले की ओलसर लागते, आणि ती ते बोट चावते.