निगेटिव्ह अहवालाने नेमके काय सिद्ध होते?

अमेरिकेतील शनिवार रात्रीच्या मोठ्या लढती आपल्याकडे रविवारी सकाळी दिसतात. सोलापुरातील जिममध्ये आणि तालमींत येणारी बॉक्सिंगवेडी मुले त्या मोबाइलवर पाहतात आणि मग बॉक्सरांच्या उत्तेजक चाचणीविषयी (बंदी असलेली औषधे घेतली का, याची तपासणी) हमखास एक प्रश्न माझ्याकडे येतो: "दादा, टेस्ट निगेटिव्ह आली म्हणजे गडी साफ, असंच ना?" मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे आणि रक्तालघवीचे नमुने हाताळणे हेच माझे रोजचे काम असल्यामुळे मुले मलाच विचारतात. माझे उत्तर 'नाही' असे आहे. ते का, हे तालमीच्या दारात उभ्या उभ्या सांगता येत नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

प्रथम प्रयोगशाळेविषयी, कारण लोकांचा संशय सर्वांत आधी तिच्यावर जातो आणि माझ्या मते तो चुकीच्या जागी जातो. नियमाप्रमाणे घेतलेल्या नमुन्यात किमान ९० मिलिलीटर लघवी लागते आणि खेळाडू ती देत असताना अधिकारी समोर उभा राहून पाहत असतो. नंतर ती 'ए' आणि 'बी' अशा दोन बाटल्यांत खेळाडूच्या देखत विभागली जाते. या बाटल्यांचे झाकण एकदा बसले की ते तोडल्याशिवाय निघत नाही. लघवी फार पातळ असेल, म्हणजे कोणी मुद्दाम भरपूर पाणी पिऊन आला असेल, तर तिची घनता तिथल्या तिथे मोजली जाते आणि पुन्हा नमुना मागितला जातो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर असताना पुण्याला जाणाऱ्या नमुन्यांच्या डब्यात बर्फ किती उरला आहे, हे आम्ही पुन्हा पुन्हा उघडून पाहतो. उष्णतेने लघवीत जिवाणू वाढले, तर टेस्टोस्टेरॉनसारख्या संप्रेरकांचे प्रमाण बिघडू शकते. उत्तेजक चाचणीत म्हणूनच नमुना कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेला, याची लेखी नोंद ठेवावी लागते. एवढी काळजी घेतलेला नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पोहोचला की तिथले यंत्र सहसा फसत नाही.

फसवणुकीला वाव मिळतो तो त्याआधी आणि त्यानंतर. नमुना कोणत्या दिवशी घ्यायचा, कोणत्या संस्थेने घ्यायचा, त्यात कोणती तपासणी करायची, तिचा खर्च कोणी उचलायचा आणि निकाल आधी कोणाला कळवायचा, हे प्रश्न ऑलिंपिक खेळांत जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या म्हणजे 'वाडा'च्या संहितेने सुटलेले असतात. व्यावसायिक बॉक्सिंगमधील डब्ल्यूबीसी, डब्ल्यूबीए, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ या किताब देणाऱ्या चारही संघटनांनी त्या संहितेवर सही केलेली नाही. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा आयोग वेगळा आणि त्याची चाचणीही वेगळी. अनेकदा ती लढतीच्या दिवशीच्या लघवीपुरतीच मर्यादित राहते. याहून अधिक काही हवे असेल तर बहुतेक वेळा दोन्ही बॉक्सरांच्या करारात तसे लिहून घ्यावे लागते. ज्याची परीक्षा घ्यायची, त्याच्याच संमतीने तिची तारीख ठरावी, अशी ही व्यवस्था आहे.

अमेरिकी बॉक्सर लॅमॉन्ट पीटरसनचे प्रकरण यासाठी मुळातून समजून घेण्यासारखे आहे. डिसेंबर २०११ मध्ये त्याने वॉशिंग्टन येथे आमिर खानला गुणांवर हरवले. मे २०१२ मध्ये लास व्हेगासला दोघे पुन्हा लढणार होते आणि त्यासाठी 'व्हाडा' या स्वयंसेवी संस्थेकडून (जागतिक संस्थेशी नामसाधर्म्य असले तरी ही वेगळी, डॉ. मार्गारेट गुडमन यांनी स्थापन केलेली) चाचणी करून घेण्याचे ठरले. मार्चमध्ये घेतलेल्या नमुन्यात टेस्टोस्टेरॉनचे एपिटेस्टोस्टेरॉन या त्याच्यासारख्याच नैसर्गिक द्रव्याशी असलेले, नेहमी तपासले जाणारे गुणोत्तर मर्यादेच्या आतच होते. मात्र कार्बनच्या समस्थानिकांची (एकाच मूलद्रव्याच्या कमी-अधिक वजनाच्या अणूंची) तपासणी केली, तेव्हा ते टेस्टोस्टेरॉन शरीराने तयार केलेले नसून बाहेरून आलेले आहे, हे उघड झाले. औषध कारखान्यातील टेस्टोस्टेरॉन सोयाबीनसारख्या वनस्पतींपासून बनते आणि त्यातील कार्बनची ठेवण माणसाच्या शरीरातील कार्बनपेक्षा किंचित वेगळी असते. तपासणी याच फरकावर चालते. पुढे पीटरसनने सांगितले की पहिल्या लढतीच्या आधी, नोव्हेंबरमध्ये, डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनच्या गोळ्या बसवल्या होत्या. म्हणजे खानशी लढताना ते औषध त्याच्या अंगात होते आणि त्या वेळी कोणाला दिसले नाही. ही तपासणी महाग आहे आणि सरसकट प्रत्येक नमुन्यावर केली जात नाही.

वेळेचा प्रश्न तर त्याहून बिकट आहे. रक्तातील तांबड्या पेशी वाढवणारे ईपीओ थोड्या मात्रेत घेतले, तर काही दिवसांतच त्याचा माग लागेनासा होतो. वाढलेल्या पेशी मात्र कित्येक आठवडे कामी येतात. शेन मोझलीने २००३ मध्ये ऑस्कर डे ला होयाविरुद्धच्या लढतीपूर्वी ईपीओ आणि खेळाडूंना बंदी असलेली औषधे पुरवणाऱ्या बाल्को प्रयोगशाळेतील स्टेरॉइडे घेतली होती, हे त्याच्या साक्षीतून नंतर समोर आले. ती बंदी असलेली औषधे आहेत हे आपल्याला माहीत नव्हते, असे त्याचे म्हणणे होते. चाचणीत तो सापडला नव्हता आणि लढत त्याने जिंकली होती. फ्लॉइड मेवेदर आणि मॅनी पॅकियाओ यांची २०१० मधील लढत होऊ शकली नाही, त्यामागेही लढतीच्या किती दिवस आधीपर्यंत रक्त घ्यायचे हाच वाद होता. ती लढत अखेर २ मे २०१५ रोजी झाली, तेव्हा आदल्या दिवशी मेवेदरला शिरेतून ७५० मिलिलीटर द्रव देण्यात आला. त्या वेळच्या नियमानुसार सहा तासांत ५० मिलिलीटरपेक्षा अधिक द्रव असा देण्यास मनाई होती. अमेरिकी उत्तेजकविरोधी संस्थेने त्यासाठी वैद्यकीय सवलत दिली, पण ती लढत होऊन सुमारे तीन आठवड्यांनी. सलाइनमुळे रक्त आणि लघवी पातळ होते, हे आमच्या लॅबमधील नवशिक्यालाही ठाऊक असते. मेवेदरने काही लपवले, असा आरोप मी करत नाही. सवलत लढतीनंतर द्यायची असेल, तर आधी करून घेतलेल्या चाचण्यांवर प्रतिस्पर्ध्याने विश्वास कशाच्या आधारावर ठेवायचा, एवढेच विचारतो.

ब्रिटिश बॉक्सर कॉनर बेनच्या प्रकरणाने मला सर्वांत जास्त अस्वस्थ केले. ८ ऑक्टोबर २०२२ रोजी लंडनमध्ये त्याची ख्रिस युबँक ज्युनियरशी लढत होती आणि तीन दिवस उरले असताना बातमी फुटली की 'व्हाडा'च्या चाचणीत त्याच्या नमुन्यात क्लोमिफीन हे टेस्टोस्टेरॉन वाढवू शकणारे औषध सापडले आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेने केलेल्या चाचण्या मात्र निगेटिव्ह होत्या. प्रमोटरांनी त्यांचा आधार घेत लढत पुढे रेटण्याचा प्रयत्न केला. ब्रिटिश बॉक्सिंग मंडळाने मनाई केल्यावर ती रद्द झाली. डब्ल्यूबीसीने अंड्यांचे अतिसेवन हे संभाव्य कारण मानले. त्यानंतर सुनावण्या आणि अपिले होत राहिली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आरोप पुरेसा सिद्ध झाला नाही, असा निर्णय आला. बेनने आपण निर्दोष असल्याचे सुरुवातीपासून सांगितले आहे आणि निर्णय त्याच्या बाजूने लागला आहे, हेही नमूद केले पाहिजे. तरीसुद्धा एकाच माणसाविषयी दोन संस्थांचे अहवाल वेगळे यावेत आणि उलगड्याला दोन वर्षे लागावीत, यात कोणाचेच भले झाले नाही. तो निर्दोष असेल, तर उमेदीची दोन वर्षे त्याची गेली.

निकालाची तारीखही तितकीच महत्त्वाची आहे. २० एप्रिल २०२४ रोजी रायन गार्सियाने डेव्हिन हेनीला तीनदा खाली पाडून हरवले. लढतीच्या आदल्या दिवशी आणि त्याच दिवशी घेतलेल्या नमुन्यांत ऑस्टरिन हे स्नायू वाढवणारे, बंदी असलेले द्रव्य असल्याचे मे महिन्यात कळले. पुढे गार्सियावर एक वर्षाची बंदी आली आणि लढतीचा निकाल रद्द झाला. हेनीच्या डोक्यावर बसलेले ठोसे मात्र रद्द होत नाहीत. धावण्याच्या शर्यतीत फसवणूक झाली तर दुसऱ्याचे पदक जाते, इथे दुसऱ्याचा मेंदू जाऊ शकतो. म्हणूनच चाचणीची सर्वाधिक कठोर शिस्त या खेळात असायला हवी होती, असे मला मनापासून वाटते.

उलट बाजूही आहे. क्लेनब्युटेरॉल हे स्नायू वाढवणारे, बंदी असलेले औषध मेक्सिकोत जनावरांना दिले जाते आणि मांसातून खेळाडूच्या लघवीत उतरू शकते. २०१८ मध्ये मेक्सिकोचा बॉक्सर कॅनेलो अल्वारेझने हेच कारण दिले. त्याच्या नमुन्यातील प्रमाण अत्यल्प होते, तरी त्याला सहा महिन्यांची बंदी स्वीकारावी लागली. पुढच्याच वर्षी जागतिक संस्थेने मांसातून येणाऱ्या अशा सूक्ष्म अंशासाठी वेगळी मर्यादा ठरवली. यंत्रे जितकी सूक्ष्म होतील, तितका निरपराध माणूस सापडण्याचा धोकाही वाढतो.

आपल्या देशाविषयी बोलायचे, तर दिल्लीतील राष्ट्रीय उत्तेजक चाचणी प्रयोगशाळेची मान्यता ऑगस्ट २०१९ मध्ये स्थगित झाली आणि ती परत मिळायला डिसेंबर २०२१ उजाडले. २०२३ मध्ये भारतीय खेळाडूंच्या ५,६०६ नमुन्यांपैकी २१३ मध्ये बंदी असलेली द्रव्ये आढळली, म्हणजे शेकडा ३.८. हे आकडे सर्व खेळांचे आहेत. पण ज्या मुलांना उद्या व्यावसायिक रिंगणात उतरायचे आहे, ती याच वातावरणात वाढत आहेत. सोलापुरात सुटी प्रोटीन पावडर पिशवीत बांधून मिळते आणि 'कटिंग'च्या, म्हणजे चरबी घटवण्याच्या, गोळ्या सीनियरच्या सांगण्यावरून घेतल्या जातात, हे मी पाहतो. मुलांना मी एवढेच सांगतो की सुटे काही घेऊ नका, डब्यावरील बॅच क्रमांकाचा फोटो काढून ठेवा आणि त्याच बॅचचा एक सीलबंद डबा बाजूला ठेवता आला तर ठेवा. उद्या नमुना पॉझिटिव्ह आला, तर भेसळ दाखवायला तोच डबा उपयोगी पडेल. आणि मोठ्या लढतीची बातमी वाचताना 'चाचणी निगेटिव्ह' या दोन शब्दांवर थांबू नका. चाचणी कोणत्या संस्थेने केली, ती लढतीच्या किती आठवडे आधी सुरू झाली, आणि रक्त घेतले की फक्त लघवी, हे त्या बातमीत दिले आहे का, ते पाहा.