आमची वाटचाल : बार्शी रोडवरचं दुकान आणि एक वही

आमच्या काउंटरच्या खणात एक जाड वही आहे. बोअरची जळालेली मोटार भरणाऱ्या, म्हणजे तिच्यात नव्या तारेचं वाइंडिंग (गुंडाळी) करणाऱ्या प्रत्येकाकडे अशी वही असते. एचपी (ताकद), स्लॉट (खाचा), टर्न (वेढे), गेज (तारेची जाडी), पिच (कॉइलच्या दोन बाजूंमधलं अंतर). जळालेली कॉइल तोडायच्या आधी हे सगळं मोजून लिहून ठेवलं नाही, तर पुढचं काम अंदाजाचं होतं. आमच्या वहीत मात्र पहिल्या दिवसापासून एक रकाना जास्तीचा आहे : मोटार किती फुटांवरून काढली.

दुकान लातूरचं, १९९४ चं. आदल्या वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. मी तेव्हा आयटीआय करून एका उस्तादांच्या हाताखाली कॉइल ओढत होतो. पुढच्या वर्षभरात नव्या वसाहतींमध्ये बोअर पडू लागले, त्यावर मोटारी बसू लागल्या, आणि उस्तादांकडचं काम आवरेना. त्यांनीच मला बार्शी रोडला पत्र्याचं शेड बघून दिलं. भांडवल म्हणजे हाताने फिरवायचं एक वाइंडिंग मशीन, लाकडी फॉर्मा, सेकंडहँड मेगर (तारेचं आवरण शाबूत आहे का ते मोजणारं यंत्र) आणि चेनपुली. ते मेगर आजही चालतं. मुलाने डिजिटल आणलंय, पण शेवटचं माप मी जुन्यावरच घेतो.

त्या वर्षीच्या पानांवर १२०, १४०, १६० फूट असे आकडे आहेत. २०० च्या वरचा आकडा क्वचित. तीन एचपीची मोटार म्हणजे मोठी मोटार.

पहिली वीस वर्षं कामात गेली. दुकान पक्कं झालं, दोनाचे सहा कारागीर झाले, मुलांची शिक्षणं झाली. सांगायचं आहे ते त्यानंतरचं.

२०१४ च्या सुमारास आमच्यापासून शंभर पावलांवर दुसरं दुकान उघडलं. बोर्ड मोठा, 'आजची मोटार आजच' अशी ओळ. आमच्याकडे मोटार निदान दोन दिवस थांबते. पाणी भरलेल्या सबमर्सिबलचं, म्हणजे बोअरमध्ये बुडून चालणाऱ्या मोटारीचं वाइंडिंग पॉली वायरमध्ये, प्लास्टिक आवरणाच्या तारेत असतं. ते भरून झालं की स्टेटर (वाइंडिंग असलेला मोटारीचा न फिरणारा भाग) रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायचा आणि सकाळी मेगर लावायचा. कुठे आवरणाला सुईएवढं भोक असेल तर तिथेच कळतं, सहाशे फूट खाली गेल्यावर कळून उपयोग नसतो. ही रात्र मी कधीच वाचवली नाही. त्या दुकानदाराने ती वाचवली. शिवाय मोटार काढणाऱ्या मिस्त्रींना तो प्रत्येक मोटारीमागे पैसे देऊ लागला. मिस्त्रीच मोटार थेट तिकडे टाकायचे, शेतकऱ्याला विचारायचेसुद्धा नाहीत. माझे दोन कारागीर त्याने नेले. त्यातला एक माझ्याकडे वयाच्या सोळाव्या वर्षी आला होता. त्याच्या लग्नात मी मांडवात उभा होतो. याचं दुःख अजून गेलेलं नाही.

त्यातच दुष्काळ आला. बाहेरच्यांना वाटतं, दुष्काळात मोटारवाल्याची चांदी. पहिल्या वर्षी काम वाढतं हे खरं. पातळी खाली जाते, मोटार कोरडी चालते, थ्रस्ट बेअरिंग जातं, वाइंडिंग जळतं. पण बोअर एकदा ठणठणीत कोरडा पडला की जळायला मोटारच चालत नाही. वहीत २०१५ च्या पानांवर ६५०, ७००, ७५० असे आकडे आहेत, आणि २०१६ च्या मार्च-एप्रिलला मिळून फक्त अकरा नोंदी. लातूरला पाणी देणारं धनेगावचं मांजरा धरण कोरडं, टाक्यांपाशी भांडणं होऊ नयेत म्हणून १४४ कलम लागलेलं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ती बघायला अख्खा गाव लोटला. मी गेलो नाही. त्या दिवशी मी बँकेत पत्नीच्या पाटल्या ठेवत होतो. तांब्याच्या व्यापाऱ्याचं देणं थकलं होतं आणि माझी उधारी सगळी शेतकऱ्यांकडे अडकली होती. ती मागायला कोणत्या तोंडाने जाणार?

दुकानाचं शटर ओढायचं जवळजवळ ठरलंच होतं. तेव्हा औशाकडचे आमचे एक मामा जीपमध्ये मोटार घालून आले. नात्याचे नाहीत, १९९६ पासूनचे गिऱ्हाईक. त्यांचे तिन्ही बोअर गेलेले. मी म्हटलं, "मामा, पाणी नाही तर मोटार भरून करायचं काय?" ते म्हणाले, "पाणी येईल त्या दिवशी तुझ्या दारात रांग लागंल. माझी आत्ताच भरून ठेव." अर्धे पैसे तिथेच मोजून दिले. साडेसात एचपी, व्ही-सिक्स, म्हणजे सहा इंची बोअरची. त्या महिन्यात मी हातात घेतलेलं ते एकमेव मोठं काम, आणि ते मी स्वतः भरलं, मुलाला हात लावू दिला नाही.

मामांचं खरं ठरलं. त्याच पावसाळ्याच्या शेवटी मांजरा भरलं, दरवाजे उघडावे लागले. मोटारी खाली सोडल्या आणि पंधरा दिवसांत जळून वर येऊ लागल्या. शंभर पावलांवरच्या दुकानात भरलेल्या मोटारी होत्या त्या. मी एकेक उघडून गिऱ्हाइकासमोर ब्लेडने तार खरवडली. वर तांब्याचा रंग, आत पांढरी. ॲल्युमिनियम! पैसे तांब्याचे घेतले होते. दीड वर्षाने ते दुकान बंद झालं. माझ्याकडून गेलेला एक कारागीर परत आला, दुसरा आला नाही.

म्हणून सांगतो, मोटार भरायला टाकाल तेव्हा जुनी तार परत मागून घ्या आणि तिचं वजन करा. नव्या तारेचं वजन तुमच्यासमोर व्हायला हवं. स्टार्टर ट्रिप झाला की पुन्हा पुन्हा बटण दाबू नका, आधी टाँग टेस्टरने (तारेभोवती चिमट्यासारखा लावायचा मीटर) ॲम्पिअर बघा. आणि ड्रायरन प्रिव्हेंटर लावा, पाणी संपलं की तो मोटार बंद करतो. वाइंडिंगच्या खर्चापुढे ती किंमत काहीच नाही.

आता लातूर पुढे कुठे जाणार, हे मला या वहीतून दिसतं. पूर्वी दहातल्या नऊ मोटारी मळ्यांतून यायच्या. आज निम्म्याहून जास्त शहरातून येतात : ट्यूशन एरियातली होस्टेलं, मेस, दवाखाने, मंगल कार्यालयं. लातूर मुळात आजूबाजूच्या गावांचं काम करूनच वाढलंय. गंजगोलाईला सोळा रस्ते मिळतात ते उगाच नाही. माणूस सोयाबीन आडतीत घालतो, पेशंट दाखवतो, लेकराच्या ट्यूशनची फी भरतो, जाताना मोटार आमच्याकडे टाकतो. नीटच्या तयारीला लांबलांबच्या जिल्ह्यांतून मुलं येतात. २०२० ला ती घरी गेली तर सहा महिने होस्टेलची एकही मोटार आली नाही, तेव्हा कळलं की आपणही त्यांच्यावरच उभे आहोत. हरंगुळला रेल्वे डब्यांचा कारखाना झालाय, वंदे भारत स्लीपर तिथे बांधायचं ठरलंय. ते जोरात चालू झालं की मोटारी, पॅनेल, देखभाल यांचं काम दारात येईल.

पण ते करणार कोण? डॉक्टर घडवणाऱ्या या शहरात मला वाइंडिंग शिकायला एक मुलगा मिळत नाही. नीटला दोनदा-तीनदा बसून थकलेली हुशार मुलं इथेच आहेत. त्यांच्या आईवडिलांना मी हात जोडून सांगतो, एक वर्ष पाठवा, शिकतानाही पगार देईन.

दुसरी काळजी पाण्याची. उजनी धरणाचं पाणी येईल तेव्हा येईल. तोवर प्रत्येक नवी इमारत आधी बोअर पाडते. आपला काळा पाषाण. वरच्या थरातलं पाणी संपलं की आठशे फुटांवर धूळच निघते, हे मी स्वतः उभं राहून पाहिलंय. पावसाचं छपरावरचं पाणी बोअरमध्ये सोडलं तर वरचा थर धरतो. मामांनी २०१७ ला तेच केलं. त्यांची मोटार त्यानंतर एकदाच वर आली, तीही बेअरिंगसाठी, आणि ३२० फुटांवरून.

गेल्या वर्षीपासून वहीत आणखी एक रकाना आखलाय : पुनर्भरण आहे की नाही. मोटार सोडायला गेलो की छपराचा पाइप कुठे जातो ते बघून मी स्वतः लिहितो. आजवर २८६ मोटारी, त्यात 'आहे' असं ४१ ठिकाणी. आजची नोंद एका मुलींच्या होस्टेलची, दीड एचपी, ५४० फूट, पुनर्भरण नाही. मालकिणबाईंना सोमवारी दुकानावर बोलावलंय.